१०८ तावदानं: क्रिस्टल पॅलेसच्या छपरावरची माणसं

आजचं व्याख्यान लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर आहे, असं आपल्याला कळवलं गेलं असेल आणि ते खरंच आहे. पण त्या इमारतीबद्दल नेहमी जे सांगितलं जातं, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट, जोसेफ पॅक्स्टन, साठ लाख प्रेक्षक वगैरे, ते आम्ही आज थोडक्यात आटोपणार आहोत. आम्हाला बोलायचं आहे ते १८५० सालच्या हिवाळ्यात त्या छपरावर बसून काचा लावणाऱ्या माणसांबद्दल.

इंग्रजीत या कारागिराला ग्लेझर म्हणतात. आपल्याकडे त्याच्यासाठी वेगळा शब्द रुळला नाही. आपण 'काचवाला' म्हणतो, नाहीतर सुतारच येऊन ते काम करून जातो. चौकटीत बसवलेल्या काचेला मात्र आपल्याकडे छान शब्द आहे, तावदान. फारसीतल्या 'ताबदान'वरून तो आला, उजेड यायची जागा असा त्याचा अर्थ. तर तावदान बसवणारा माणूस असंच आपण म्हणू, आणि सोयीसाठी अधूनमधून ग्लेझरही म्हणू.

क्रिस्टल पॅलेसच्या बांधकामाच्या वर्णनांत एक आकडा हमखास सापडतो. एका माणसाने एका दिवसात जास्तीत जास्त किती तावदानं बसवली? तर १०८. क्षेत्रफळ ३६७ चौरस फूट आणि वर अर्धा फूट. पुढे दीडशे वर्षं हा आकडा पुस्तकांतून फिरतो आहे. त्या वर्णनात आकडा येतो, माणसाचं नाव येत नाही. हा आकडा नीट समजून घ्यायचा तर आधी हे काम मुळात काय होतं ते पाहायला हवं.

लंडनमध्ये ग्लेझरांचा संघ फार जुना. चौदाव्या शतकापासून त्याच्या नोंदी आहेत आणि १६३८ साली पहिल्या चार्ल्स राजाने त्याला सनद दिली. चर्चच्या रंगीत खिडक्या, शिशाच्या पट्ट्यांत अडकवलेले काचेचे तुकडे, हे त्यांचं मूळ काम. शिसं हाताळायचं म्हणून नळकाम आणि काचकाम हे धंदे इंग्लंडच्या लहान गावांत बहुधा एकाच माणसाकडे असत. दुकानाच्या पाटीवर नळवाला, रंगारी आणि ग्लेझर असं एका दमात लिहिलेलं असे. शिशाचा पांढरा रंग, शिशाच्या पट्ट्या, शिशाचे नळ. शिसं अंगात भिनून होणारा आजार या लोकांना ठाऊक होता. इंग्रजीत त्या आजाराचं एक नावच नळकामाशी जोडलेलं आहे.

घरातल्या खिडकीचं काम असं चाले. फुटकी काच काढायची, मग खाचेतली जुनी लांबी खरवडून काढायची. लांबी म्हणजे काय ते आपल्यातल्या ज्येष्ठांना सांगायला नको. खडूची बारीक पूड आणि जवसाचं तेल मळून केलेला लगदा. जुनी झाली की ती दगडासारखी होते आणि लाकूड न दुखावता ती काढणं हाच अर्ध्या दिवसाचा उद्योग. खाच स्वच्छ झाली की तिला तेलाचा किंवा रंगाचा हात द्यायचा, कारण कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी भुसभुशीत होते. मग खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच. काच दाबायची ती कडांना. मधोमध दाबली की गेलीच. मग बारीक चुका ठोकायच्या, बाहेरून लांबीचा उतरता पट्टा ओढायचा म्हणजे पाणी साचत नाही. काही दिवसांनी लांबीला साय धरली की रंग मारायचा, आणि तो रंग किंचितसा काचेवर येऊ द्यायचा, म्हणजे फट बंद होते. ऐकायला हे सोपं वाटतं. पण पाऊस आत येतो की नाही, हे याच एका पट्ट्यावर ठरतं.

यापेक्षाही मोठं कसब काच कापण्यात होतं. त्या काळी इंग्लंडमध्ये खिडकीची काच म्हणजे बहुतेक 'क्राउन' काच. वितळलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकावर गरगर फिरवायचा, तो पसरून चार-साडेचार फुटांची चकती होते. भाकरी थापताना ती पसरते ना, तशीच, फक्त हाताऐवजी वेगाने. चकतीच्या मधोमध नळी जिथे चिकटलेली असते तिथे जाड गाठ राहते. आता या गोल चकतीतून चौकोनी तावदानं काढायची, तीही कमीत कमी नुकसान करून. इथे ग्लेझरची हिरकणी बोलते. हिऱ्याची बारीक कणी बसवलेली ती लेखणी काचेवर एकदाच फिरवायची. दोनदा फिरवली तर काच भलतीकडेच तडकते. कडेची पातळ काच कुठे लावायची, मधली जाड कुठे, गाठीचा तुकडा कुणाला स्वस्तात विकायचा, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात असे. चकतीत किती पैसे दडलेत ते तोच सांगू शकत असे.

काच महाग होती, त्याला सरकार कारण होतं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये काचेवर अबकारी कर होता, आणि तोही वजनावर. म्हणून काच पातळ करण्याकडे कल. शिवाय १६९६ पासून घराच्या खिडक्यांवर वेगळा कर. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या खिडक्या इंग्लंडमध्ये आजही दिसतात. उजेडावर आणि हवेवर कर, ही टीका तेव्हाही झाली. काचेवरचा कर १८४५ साली पंतप्रधान पील यांनी उठवला. खिडक्यांवरचा कर गेला १८५१ साली, म्हणजे क्रिस्टल पॅलेस उघडला त्याच वर्षी. १८४५ च्या आधी तीन लाख तावदानांची इमारत कुणी मनातही आणली नसती.

आता इमारतीकडे वळू. सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, जागा हाइड पार्क, मुहूर्त १ मे १८५१. एका समितीने विटांचा आराखडा केला, तो कुणालाच आवडला नाही. तेव्हा पॅक्स्टन पुढे आले. ते मुळात माळी. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ इथे ड्यूकच्या बागेचे प्रमुख. तिथे त्यांनी झाडांसाठी प्रचंड काचघर बांधलं होतं, दक्षिण अमेरिकेतल्या महाकाय कमळाचं फूल इंग्लंडात फुलवून दाखवलं होतं. जून १८५० मध्ये रेल्वेच्या एका बैठकीत बसल्या बसल्या टिपकागदावर त्यांनी पहिलं रेखाटन केलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे आणि तो टिपकागद जपून ठेवलेला आहे. फॉक्स अँड हेंडरसन या कंत्राटदारांनी ७९,८०० पौंडांत काम घेतलं. काच आली बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकहून, चान्स ब्रदर्सच्या कारखान्यातून.

ही काच वेगळी होती. चान्सनी १८३० च्या दशकात फ्रान्सकडून नवी रीत आणली होती. चकतीऐवजी लांब नळकांडं फुंकायचं, ते उभं चिरायचं आणि भट्टीत पुन्हा तापवून सपाट करायचं. यातून मोठा, गाठ नसलेला पत्रा मिळतो. पॅक्स्टननी माप ठरवलं ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. छपरावरचं प्रत्येक तावदान याच मापाचं. सगळी इमारत या मापाभोवती रचली गेली. खांबांमधलं अंतर २४ फूट आणि छपराच्या नागमोडी घड्या आठ-आठ फुटांच्या. आपल्या कौलारू घराला एक आढं असतं. इथे तशी शेकडो छोटी आढी शेजारी शेजारी, आणि दोन आढ्यांच्या मधल्या खोलगटात लाकडी पन्हळ. या पन्हळींना पुढे पॅक्स्टनचंच नाव पडलं. त्यांची गंमत अशी की मधल्या मोठ्या पन्हळीत बाहेरचं पावसाचं पाणी, आणि दोन्ही बाजूंच्या लहान खाचांत काचेच्या आतल्या अंगाला जमणारा ओलावा. माळ्याशिवाय हे कुणाला सुचलं नसतं. काचघरात पाणी आतूनही टपकतं, हे त्यालाच माहीत.

आता जरा विचार करा. काच कारखान्यातूनच मापात कापून आली, म्हणजे हिरकणीचं काम गेलं. खिडकीचे लाकडी गज यंत्रावर कापून, खाचा पाडून आले, म्हणजे चौकट पाहून काच जुळवण्याचं काम गेलं. गजांना रंगसुद्धा यंत्राने दिलेला होता. गज रंगाच्या हौदातून ओढून काढायचे आणि ब्रशांच्या मधून सरकवायचे, जादा रंग पुसला जाई. ग्लेझरच्या हातात काय उरलं? गज बसवायचा, काच खाचेत सरकवायची, लांबी भरायची आणि पुढे जायचं. मघाशी आम्ही खिडकीच्या कामाची जी लांबलचक वर्णनं केली, त्यातला मधला एक तुकडा.

आणि तो तुकडा वेगाने व्हावा म्हणून एक गाडी तयार केली गेली. या इमारतीतली सर्वांत हुशारीची वस्तू कोणती असं कुणी विचारलं, तर आमचं मत या गाडीला. चार चाकांचा पाट. चाकं दोन बाजूंच्या पन्हळींत बसलेली, म्हणजे गाडी एका घडीच्या आरपार. ज्या पन्हळीतून उद्या पावसाचं पाणी वाहायचं, तीच आज गाडीचे रूळ. पाटाला मध्ये भोक. त्यातून खालून दोरीने काचांची पेटी, गज, लांबी वर ओढायची. वर कमानी आणि कमानींवर ताडपत्रीसारखं कापड, म्हणजे पाऊस आला तरी हात थांबत नाहीत. गाडीवर दोन ग्लेझर आणि मदतीला दोन पोरं. समोरचा पट्टा काचेने भरला की गाडी मागे ढकलायची आणि पुढचा पट्टा घ्यायचा. उघड्या भागाकडे पाठ करून, भरलेल्या भागाकडे तोंड करून सगळं काम. परात उभी करायला नको. जमिनीपासून ६० फूट उंचीवर, एक लाकूडसुद्धा खालून वर न टेकवता.

अशा गाड्या सत्तरच्या वर होत्या. एका आठवड्यात ८० माणसांनी १८ हजारांहून जास्त तावदानं बसवली, असं त्या वेळचं वर्णन आहे.

हा आकडा आणि १०८ हा आकडा बहुधा एकाच परिच्छेदात येतात, आणि वाचणारा दोन्हींना दाद देऊन पुढे जातो. आम्ही जरा थांबलो आणि साधा भागाकार केला. १८ हजार भागिले ८०, म्हणजे माणशी आठवड्याला सव्वादोनशे आणि थोडी वर. सहा दिवसांचा आठवडा धरला तर दिवसाला ३८ च्या आसपास. म्हणजे विक्रम करणाऱ्याने सरासरीच्या जवळजवळ तिप्पट काम केलं. दहा तासांचा दिवस धरा. दर साडेपाच मिनिटांना एक तावदान, न थांबता. ३८ धरलं तर पंधरा-सोळा मिनिटांना एक. यातला कुठला आकडा त्या छपरावरच्या कामाबद्दल जास्त सांगतो? आमच्या मते ३८. त्या ३८ मध्ये वारा आहे, गोठलेली बोटं आहेत, ऑक्टोबर ते जानेवारीतला लंडनचा तोकडा दिवस आहे, थंडीने घट्ट झालेली लांबी आहे, खालून काच यायला लागलेला उशीर आहे, फुटलेली तावदानं आहेत. १०८ मध्ये यातलं काही नाही. तो चांगल्या हवेचा, सगळं जुळून आलेला एक दिवस आहे. आणि नेमका तोच दिवस इतिहासात गेला.

वजनही पाहा. ही काच चौरस फुटाला सुमारे एक पौंड, म्हणजे एक तावदान दीड किलोच्या आसपास. १०८ तावदानं म्हणजे दीडशे किलोंच्या वर काच एका माणसाच्या हातांतून, एकेक करून, कडांना धरून. हातमोजे घालून लांबी भरता येत नाही.

याच कामाच्या दरम्यान छपरावरच्या ग्लेझरांनी मजुरीसाठी संप केला. तो टिकला नाही. कंत्राटदारांनी पुढाऱ्यांना काढलं आणि काम पुढे सुरू राहिलं. चकतीतून तावदानं काढणारा कारागीर रुसला तर मालकाला त्याची समजूत काढावी लागे, कारण तसा दुसरा माणूस तयार व्हायला वर्षं लागत. इथे गाडीवर बसून ठरलेल्या खाचेत ठरलेली काच सरकवायला नवा माणूस किती दिवसांत शिकेल? मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. फक्त तो कापसाचा इतिहास होता आणि हा काचेचा.

इथे आपण जरा पॅरिसला जाऊ, कारण त्याच १८५० च्या जुलैमध्ये तिथेही एक ग्लेझर जन्माला येत होता, कागदावर. फ्रेदरिक बास्तिया नावाचे अर्थशास्त्री. त्यांनी एका पुस्तिकेत जी गोष्ट सांगितली ती अर्थशास्त्राचे विद्यार्थी आजही शिकतात. एका दुकानदाराच्या मुलाने घराची काच फोडली. शेजारी जमले आणि म्हणाले, जाऊ द्या हो, काचा फुटल्याच नाहीत तर काचवाल्याने खायचं काय? बास्तिया म्हणतात, तुम्हाला काचवाल्याला मिळालेले सहा फ्रँक दिसतात. त्याच सहा फ्रँकांत दुकानदाराने घेतले असते ते जोडे दिसत नाहीत. फुटक्या काचेने देशाची संपत्ती वाढत नाही. तर्क बिनतोड आहे. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी काच फोडली की मालक नेमकं हेच बोलतो, फक्त इतक्या शांतपणे नाही. पुढे १९२१ साली चार्ली चॅप्लिनने 'द किड' या चित्रपटात हीच गोष्ट उलटी करून दाखवली. त्यात पोरगं दगड मारून काचा फोडतं, आणि मागोमाग चार्ली पाठीला तावदानं बांधून हजर होतो.

बास्तियांच्या गोष्टीत काच कुणीतरी फोडतो. पण खिडकीचं खरं दुखणं हे नसतं. लांबी कुणीही न फोडता वाळते. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हात आकसतं. काचेचं तसं होत नाही, आणि दोघांच्या मधली लांबी दरवर्षी थोडी थोडी सुटते. या दुरुस्तीला खोडकर मुलगा लागत नाही. ती ठरलेलीच असते, आणि तिच्यासाठी काढून ठेवलेले पैसे हे जोड्यांच्या हिशेबात कुठे बसवायचे, हे त्या गोष्टीत नाही. बास्तिया बिचारे त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारले. लंडनमधला काचेचा महाल त्यांनी पाहिला असता तर कदाचित एक प्रकरण जास्त लिहिलं असतं.

कारण महाल गळत होता. उद्घाटनापूर्वी विरोधकांनी पुष्कळ भाकितं केली होती. हा डोलारा कोसळणार, गारा सगळं फोडणार. कर्नल सिबथॉर्प नावाचे एक खासदार तर पार्लमेंटात उभे राहून गारांची किंवा विजेची प्रार्थनाच करत होते. तसलं काही झालं नाही, इमारत भक्कम उभी राहिली. पण पाऊस मात्र आत आला, तक्रारी झाल्या. यात नवल नाही. लाकडी गजांची एकूण लांबी सांगितली जाते २०५ मैल. प्रत्येक गजाला दोन्ही बाजूंनी खाच, म्हणजे ४१० मैल लांबीचा काच आणि लाकडाचा सांधा. रेल्वेने मुंबईहून निघालात तर बडनेऱ्याच्या आसपास पोहोचाल एवढा. तो सगळा हिवाळ्यात, घाईने, वाट पाहायला वेळ नसताना भरलेला. घरातल्या खिडकीला लांबी धरायला जे दिवस द्यायचे असतात, ते इथे कुणी दिले नव्हते. मुहूर्त ठरलेला होता.

मग दुरुस्ती. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गळतीचं ठिकाण शोधणं हे बसवण्यासारखं नाही. पाणी टपकतं एका जागी आणि शिरलेलं असतं भलत्याच जागी, गजाच्या खालच्या अंगाने सरकत सरकत आलेलं. आपल्या कौलारू घरांत पावसाळ्यात जो माणूस छपरावर चढून नेमकं कौल हलवतो, त्याला हे विचारा. तिथे मोजमापाचा कागद कामाला येत नाही. बांधताना जे कसब कामातून काढून टाकलं होतं, तेच दुरुस्तीला परत बोलवावं लागलं.

काचेचा आणखी एक प्रश्न होता, उजेड फार झाला. माल विटेल, माणसं भाजून निघतील म्हणून छपरावर आणि दक्षिण बाजूला बाहेरून बिनधुतं सुती कापड ताणलं गेलं. म्हणजे तीन लाख तावदानं लावायची आणि वर मांडव घालायचा! त्या मऊ उजेडात कोहिनूर चमकेना. पंजाबातून नेलेला तो हिरा पाहायला झुंबड उडाली आणि लोक हिरमुसून परतले. मग त्याच्याभोवती गॅसचे दिवे लावून पाहिले. ग्लेझरच्या हिरकणीला कधी दिवे लागले नाहीत, असं म्हणायचा मोह आम्हाला होतो आहे, पण ते राहू द्या.

प्रदर्शन ऑक्टोबर १८५१ मध्ये संपलं. इमारत उतरवली गेली. त्यासाठीच ती तशी बांधलेली होती. एका कंपनीने ती विकत घेऊन दक्षिण लंडनमध्ये सिडनहॅमच्या टेकडीवर पुन्हा उभारली, खूप मोठी करून. काचेचं क्षेत्र जवळजवळ दुप्पट झालं. जून १८५४ मध्ये राणीने तिचंही उद्घाटन केलं. हाइड पार्कातली इमारत काही महिन्यांसाठी होती, ही कायमची. आणि जागा टेकडीच्या माथ्यावर, चारी बाजूंनी वारा.

पुढची ८२ वर्षं हा महाल आणि त्याची देखभाल यांची झटापट चालली. संगीताचे जलसे, फटाक्यांचे खेळ, फुलांची प्रदर्शनं, सगळं झालं; गर्दीही होत होती. पण बांधणीवरच इतका पैसा गेला होता की कंपनी कर्जातून डोकं वर काढू शकली नाही. अशा कंपनीत सगळ्यात आधी कशाला कात्री लागते हे सांगायला नको. नवा कार्यक्रम लोकांना दिसतो, त्याची तिकिटं खपतात. नव्याने भरलेली लांबी कुणाला दिसते? १८६६ साली उत्तरेकडचा मोठा भाग जळाला, तो पुन्हा बांधलाच नाही. १९११ साली कंपनीचं दिवाळं निघालं आणि इमारत विक्रीला आली. एका उमरावाने पैसे भरून ती राष्ट्रासाठी वाचवली. १९१४ पासून हेन्री बकलंड हे व्यवस्थापक आले आणि त्यांनी नेटाने डागडुजी सुरू केली. त्यांच्या मुलीचं नाव क्रिस्टल होतं, यावरून त्यांचा जीव कशात होता ते कळतं. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री लागलेल्या आगीत सगळं गेलं. लाकडी तक्तपोशी, जुनं वाळकं लाकूड, वारा. अनेक परगण्यांतून ज्वाळा दिसल्या, काच वितळून खाली वाहिली.

आता आपल्यातल्या काही तरुण अभ्यासकांसाठी एक गोष्ट. या माणसांची नावं शोधायची कुठे, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. इंग्लंडची जनगणना ३० मार्च १८५१ च्या रात्रीची आहे. प्रदर्शन उघडायला तेव्हा एक महिना होता. त्या जनगणनेत घरोघरच्या माणसाचं नाव, वय, धंदा आणि जन्मगाव लिहिलेलं आहे, आणि लंडनच्या गल्ल्यांतून धंद्याच्या रकान्यात 'ग्लेझर' असं लिहिलेली माणसं पानोपानी भेटतात. त्यांची बायकोमुलं, भाडेकरू, कुणाचा जन्म कुठल्या परगण्यातला, सगळं आहे. पोरांच्या धंद्याच्या रकान्याकडेही पाहा, कारण गाडीवर पोरंही होती आणि त्यांची तावदानं कुणी मोजली नाहीत. कंत्राटदारांचा हजेरीपट या यादीशेजारी ठेवता आला असता तर काम सोपं झालं असतं. तो नसताना वर्तमानपत्रातल्या अपघातांच्या आणि कोर्टाच्या बातम्या, तपासणी अधिकाऱ्यांचे अहवाल आणि मजुरीच्या तंट्यांच्या नोंदी यांतून एकेक नाव उचलून जनगणनेत शोधावं लागतं. ते काम सावकाशीचं आहे, दिवसाला १०८ काही होणार नाहीत. ज्यांना रस असेल त्यांनी व्याख्यानानंतर थांबावं, यादी कशी वाचायची ते आम्ही दाखवू.